तळटिपांतील लॅटिन संक्षेप : वाचावेत कसे आणि प्रबंधात वापरावेत कसे

नागपुरात राहून विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर काम करू लागलेल्या विद्यार्थ्याची लॅटिनशी गाठ ग्रंथांच्या नावांपासूनच पडते. प्राचीन विदर्भातल्या वाकाटक राजांचे कोरीव लेख ज्यात एकत्र छापले आहेत तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेला १९६३ सालचा ग्रंथ 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम' या मालेचा पाचवा खंड आहे, आणि अनेक ताम्रपट ज्यात प्रसिद्ध झाले ते नियतकालिक आहे 'एपिग्राफिया इंडिका'. आत शिरल्यावर पानांच्या तळाशी इबिड., ऑप. सिट., लॉक. सिट., सीएफ., पासिम, विडे अशी अक्षरे दिसू लागतात आणि इंग्रजी चांगले येणारा वाचकही तिथे अडखळतो. मग बहुतेक जण वाचताना ही अक्षरे ओलांडून पुढे जातात, आणि स्वतःचा प्रबंध लिहिताना मात्र भारदस्तपणा यावा म्हणून तीच जागोजागी पेरतात. व्हायला हवे ते नेमके उलटे. हे संक्षेप सगळेच्या सगळे अचूक वाचता आले पाहिजेत, पण स्वतःच्या लेखनात त्यांतले मोजकेच घ्यावेत, आणि तेही मजकुराची जुळणी पक्की झाल्यावर.

असे का, हे समजण्यासाठी या संक्षेपांच्या दोन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात. इबिड., इडेम, ऑप. सिट., लॉक. सिट., सुप्रा आणि इन्फ्रा यांना स्वतःचा असा अर्थ फार थोडा असतो. ते मागच्या किंवा पुढच्या टिपेकडे बोट दाखवतात आणि तिथे जे असेल तो त्यांचा अर्थ होतो. एट अल., सीएफ., सिक, सर्का, पासिम, एस. व्ही. हे मात्र जिथे ठेवाल तिथे तोच अर्थ सांगतात. छापखान्यात खिळे जुळवून पान उभे केले जात होते, तेव्हा लांबलचक ग्रंथनाम पुन्हा पुन्हा न छापण्यात श्रम आणि जागा दोन्ही वाचत असत, आणि एकदा जुळवलेल्या पानात परिच्छेद सहसा हलत नसत. आज संगणकावर परिच्छेद दिवसातून दहा वेळा हलतो. त्यामुळे पहिल्या जातीच्या संक्षेपांनी होणारी बचत नगण्य उरली आहे आणि धोका तेवढा वाढला आहे.

मागे बोट दाखवणारे संक्षेप

'इबिड.' हे 'इबिडेम' याचे छोटे रूप असून त्याचा अर्थ 'त्याच ठिकाणी' असा होतो. लगतच्या मागच्या टिपेत जो ग्रंथ आहे तोच ग्रंथ, आणि पुढे वेगळा पृष्ठांक दिला नसेल तर तेच पान, असे तो सांगतो. 'ऑप. सिट.' म्हणजे 'ओपेरे सिटाटो', म्हणजेच 'उल्लेखिलेल्या ग्रंथात'. मधे दुसरे ग्रंथ येऊन गेल्यावर पूर्वीच्या ग्रंथाकडे परतायचे असेल तेव्हा तो वापरतात, आणि म्हणून त्याच्या आधी लेखकाचे आडनाव व नंतर पृष्ठांक असावाच लागतो. 'लॉक. सिट.' म्हणजे 'लोको सिटाटो' हा त्याहून नेमका आहे: तोच ग्रंथ आणि तेच स्थळ. साहजिकच 'लॉक. सिट.'पुढे पृष्ठांक दिसला की लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ कळलेला नाही, असे खुशाल समजावे. 'इडेम' हा ग्रंथाबद्दल न बोलता लेखकाबद्दल बोलतो. 'तोच लेखक, ग्रंथ दुसरा' एवढेच त्याचे सांगणे असते. लेखिका असेल तर काटेकोर लोक 'एआडेम' असे स्त्रीलिंगी रूप लिहितात.

मराठीत यांना सोयीचे आणि रुळलेले पर्याय आहेत. 'इबिड.'साठी 'तत्रैव' आणि 'ऑप. सिट.'साठी 'उपरिनिर्दिष्ट', संक्षेपाने 'उ. नि.', किंवा 'पूर्वोक्त' असे लिहितात. पुढील टिपा वाकाटकांवरच्या एखाद्या प्रकरणातल्या आहेत असे समजू. ग्रंथ खरे आहेत, पृष्ठांक केवळ नमुन्यादाखल दिले आहेत.

१. वा. वि. मिराशी (संपा.), कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम, खंड ५, उटकमंड, १९६३, पृ. २२.
२. तत्रैव.
३. तत्रैव, पृ. ३५.
४. आर. व्ही. रसेल व हिरालाल, द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया, खंड १, लंडन, १९१६, पृ. ६०.
५. मिराशी, उ. नि., पृ. ४०.

दुसऱ्या टिपेचा अर्थ 'मिराशी, पृ. २२', तिसरीचा 'मिराशी, पृ. ३५' आणि पाचवीचा 'मिराशींचा तोच खंड, पृ. ४०'. इथवर सगळे सुरळीत आहे. आता मार्गदर्शकांनी मसुदा वाचून सुचवले की वाकाटकांच्या चम्मक ताम्रपटाचा विषय निघालाच आहे तर फ्लीट यांनी १८८८ साली याच मालेच्या तिसऱ्या खंडात दिलेल्या पाठाचाही उल्लेख करावा. विद्यार्थी पहिल्या टिपेनंतर एक वाक्य घालतो आणि त्याला फ्लीट यांची टीप जोडतो. संगणक पुढच्या टिपांचे क्रमांक आपोआप बदलतो, पण हाताने टंकित केलेल्या 'तत्रैव'ला हात लावत नाही. परिणामी मिराशींच्या पानांवरची दोन विधाने एका फटक्यात फ्लीट यांच्या नावावर जातात. वाक्यात चूक नाही, शुद्धलेखनात चूक नाही, त्यामुळे मुद्रितशोधकालाही ती दिसत नाही. दिसते ती थेट परीक्षकाला, तो मूळ ग्रंथ उघडून बसला तर.

याच प्रबंधात पुढे कलचुरी राजवंशाचा संबंध आला, तर आणखी एक अडचण उभी राहते. मालेच्या चौथ्या खंडाचे, म्हणजे १९५५ साली निघालेल्या कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचे संपादनही मिराशींचेच आहे. दोन्ही खंड एकदा टिपांत आले की त्यानंतरचे 'मिराशी, उ. नि.' कोणत्या खंडाबद्दल आहे हे सांगायला मार्ग उरत नाही. एकाच लेखकाचे दोन ग्रंथ वापरात असतील तिथे 'उ. नि.' निरुपयोगी ठरतो. अशा ठिकाणी आडनावापुढे ग्रंथाचे आखूड नाव द्यावे, म्हणजे 'मिराशी, वाकाटक, पृ. ४०' आणि 'मिराशी, कलचुरी, पृ. ११२'. माझ्या मते एकच ग्रंथ असला तरी सुरुवातीपासून हीच पद्धत ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण दुसरा ग्रंथ केव्हा हाती लागेल ते सांगता येत नाही, आणि आखूड नाव कुठेही हलवले तरी खोटे पडत नाही.

ज्यांना 'तत्रैव' सोडवत नाही त्यांनी निदान काही पथ्ये पाळावीत. मागच्या टिपेत दोन ग्रंथांचा निर्देश असेल तर पुढच्या टिपेत 'तत्रैव' लिहू नये, कारण दोहोंपैकी कोणता हे वाचकाने ओळखायचे कसे? नव्या प्रकरणाची पहिली टीप कधीही 'तत्रैव' नसावी, मग मागच्या प्रकरणाची शेवटची टीप त्याच ग्रंथाची का असेना. आणि 'मिराशी, तत्रैव' ही द्विरुक्ती टाळावी. 'तत्रैव'मध्ये लेखक आलेलाच असतो.

जुने ग्रंथ वाचताना प्रश्न उलटा येतो. तीनशेव्या पानावर एखादे आडनाव आणि 'ऑप. सिट.' एवढेच दिसते आणि मूळ ग्रंथाचा पूर्ण निर्देश कुठेतरी पंधराव्या पानावर झालेला असतो. पाने मागे उलटत बसण्यापूर्वी ग्रंथाच्या आरंभीची संक्षेपसूची आणि अखेरची संदर्भसूची पाहावी. नव्वद टक्के शोध तिथेच संपतो असे म्हणायला हरकत नाही. तरीही न सापडल्यास त्या प्रकरणाच्या पहिल्या टिपेपासून पुढे यावे. ग्रंथ स्कॅन केलेल्या प्रतीत असेल तर शोधपेटीत 'ऑप. सिट.' न घालता आडनाव घालावे, आणि तेही दोन-तीन प्रकारे, कारण तळटिपांचा बारीक ठसा यंत्राला नीट वाचता येत नाही. एकदा कोडे सुटले की आपल्या टाचणात पूर्ण ग्रंथनामच उतरवून घ्यावे. टाचणवहीत 'इबिड.' उतरवून घेणाऱ्याला सहा महिन्यांनी आपलीच वही वाचता येत नाही.

'सुप्रा' म्हणजे वर, मागे. 'इन्फ्रा' म्हणजे खाली, पुढे. इतिहासाच्या ग्रंथात 'विडे सुप्रा' असे आले तर लेखक स्वतःच्याच ग्रंथातल्या आधीच्या मजकुराकडे पाठवत असतो. 'ऑल इंडिया रिपोर्टर' ज्या शहरातून निघतो त्या नागपुरात हा शब्द वकिलांच्या तोंडी रोजचा आहे, पण त्यांचा वापर निराळा. निकालपत्रात 'केशवानंद भारती (सुप्रा)' असे लिहिलेले असते तेव्हा त्या खटल्याचा पूर्ण निर्देश याच निकालपत्रात आधी झाला आहे एवढे त्याचे तात्पर्य असते. कायद्याच्या विद्यार्थ्याने हेही ध्यानात ठेवावे की अमेरिकेची 'ब्लूबुक' पद्धती लगतच्या टिपेसाठी 'इबिड.' न घेता 'इड.' वापरते आणि 'सुप्रा' ठेवते, तर ऑक्सफर्डच्या 'ऑस्कोला' पद्धतीची चौथी आवृत्ती 'इबिड' ठेवते पण 'सुप्रा' आणि 'ऑप. सिट.' यांना थारा देत नाही. दोन्ही पद्धती एकाच प्रबंधात मिसळल्या तर वाचकाची फसगत ठरलेली.

स्वतःच्या पायावर उभे असलेले

'सीएफ.' हा सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा संक्षेप असावा. 'कॉनफर' या आज्ञार्थी क्रियापदाचे ते छोटे रूप आहे आणि त्याचा अर्थ 'ताडून पाहा' असा आहे. आपण जे म्हटले त्याला आधार म्हणून ग्रंथ दाखवायचा असेल तर 'सीएफ.' लागत नाही. तिथे सरळ निर्देश करावा किंवा 'पाहा' लिहावे. वेगळे मत, वेगळा पाठ, वेगळा निष्कर्ष दाखवायचा असेल तेव्हाच तो शोभतो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन असे प्रतिपादन करून टिपेत 'सीएफ.' लिहिले, तर जाणता वाचक तिथे या मताहून निराळे काहीतरी शोधायला जाईल. मराठीत 'तुलनीय' किंवा 'ताडून पाहा' लिहिले की हा गोंधळ उरत नाही.

'विडे' म्हणजे 'पाहा'. भारतीय कचेऱ्यांच्या इंग्रजीत तो इतका मुरला आहे की अमुक क्रमांकाच्या पत्रान्वये असे म्हणायचे असले तरी 'विडे' येतोच. टिपेत त्याची जागा 'पाहा' या शब्दाने घ्यावी, इतके पुरे.

'एट अल.' म्हणजे 'आणि इतर'. यात 'एट' हा पूर्ण शब्द असल्याने त्यापुढे टिंब येत नाही, 'अल.' हा तोडलेला असल्याने त्यापुढे येते. किती लेखक असले म्हणजे तो वापरायचा हे प्रत्येक शैलीत ठरलेले असते. एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीत तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून केवळ पहिले आडनाव आणि 'एट अल.' लिहितात, एमएलएतही सीमा तीनचीच आहे. दोन लेखकांपैकी एकाला गाळण्यासाठी तो कधीच नाही. वर उल्लेखिलेल्या १९१६ सालच्या चार खंडी ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर रसेल यांच्या नावाखाली हिरालाल यांचे नाव साहाय्यक म्हणून आहे, आणि टिपांतून ते सर्रास गळते. मध्य प्रांतातल्या कोरीव लेखांची सूची ज्यांनी सिद्ध केली त्या रायबहादुरांना 'इतर'मध्ये ढकलणे मला तरी अनुचित वाटते.

'सिक' याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मराठी साधनांशी त्याचा वेगळाच झगडा आहे. उद्धृत केलेल्या मजकुरात मुळातच चूक असेल आणि ती आपली नाही हे दाखवायचे असेल तर त्या शब्दापुढे चौकोनी कंसात 'सिक', म्हणजे 'असेच', लिहितात. मराठीत त्यासाठी 'मुळात असेच' हे शब्द पुरतात. अडचण अशी की जुने लेखन म्हणजे चूक नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालचे आहेत. त्याआधीच्या छापील मराठीत 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे अनुस्वार नियमाने येतात आणि ते त्या काळचे शुद्ध लेखन आहे. मोडी कागदांत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेलाच नसतो. अशा उताऱ्यात प्रत्येक शब्दापुढे कंस टाकला तर उतारा वाचवणार नाही, शिवाय जुन्या लेखकाला आपण विनाकारण अडाणी ठरवू. नागपूरचे ब्रिटिश रेसिडेंट जेन्किन्स यांच्या १८२७ सालच्या अहवालाच्या इंग्रजी नावात आपल्या शहराचे नाव 'नागपोर' असा उच्चार सुचवणाऱ्या अक्षरांनी लिहिले आहे. तेही त्या काळाचे वळणच होय. यावर उपाय एकच: प्रास्ताविकात 'अवतरणांतील लेखन मूळ साधनाप्रमाणे ठेवले आहे' असे एक वाक्य लिहावे, आणि जिथे खरोखर अर्थ बदलतो, म्हणजे सनावळी चुकली आहे, नाव उलटे पडले आहे, शब्द दोनदा छापला आहे, अशाच जागी 'मुळात असेच' हा कंस घालावा. ताम्रपटाचा पाठ देताना तर 'सिक'ची गरजच पडत नाही. तिथे चुकलेल्या अक्षरापुढे दुरुस्त अक्षर गोल कंसात आणि झिजलेले अक्षर चौकोनी कंसात देण्याचा लेखविद्येचा प्रघात आहे आणि तो तसाच पाळावा.

'सर्का', म्हणजे 'सुमारे', हा कालनिर्देशापुढे येतो. वाकाटकांच्या दानपत्रांत सहसा राजाच्या कारकिर्दीचे वर्ष दिलेले असते, कोणत्याही संवताचे नसते. म्हणून त्या राजांची इसवी वर्षे विद्वानांगणिक बदलतात आणि त्यांच्यामागे 'सु.' लावणे हा प्रामाणिकपणाचा भाग ठरतो. याउलट वाशीम जिल्ह्यातील हिस्से-बोराळा येथील, वाकाटक राजा देवसेन याच्या काळच्या शिलालेखात शक ३८० असे वर्षच दिले आहे. ते इ. स. ४५७-५८ असे येते आणि त्यामागे 'सु.' लावणे चूक आहे. शकवर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागले जाते म्हणून जोडवर्ष लिहायचे, अंदाज आहे म्हणून नव्हे.

उरलेले थोडक्यात. 'पासिम' म्हणजे 'ठिकठिकाणी'. विषय खरोखरच ग्रंथभर विखुरलेला असेल तेव्हाच तो लिहावा, पाने शोधण्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे. 'एस. व्ही.' म्हणजे 'सब व्हर्बो', 'या शब्दाखाली'. मोल्सवर्थचा कोश किंवा मराठी विश्वकोश यांचा निर्देश करताना पृष्ठांकाऐवजी नोंदीचे शीर्षक देणे अधिक उपयोगी असते, कारण आवृत्ती बदलली किंवा कोश जालावर पाहिला तरी नोंद सापडते. 'ई. जी.' आणि 'आय. ई.' यांची जागा मराठीत 'उदा.' आणि 'म्हणजे' यांनी पूर्वीच घेतली आहे. ग्रंथालयांच्या जुन्या कार्डांवरचे 'एस. एल.' आणि 'एस. एन.' हे अनुक्रमे प्रकाशनस्थळ व प्रकाशक यांची नोंद नसल्याचे सांगतात. कुणा संपादकाच्या नावाची ती आद्याक्षरे नव्हेत.

'आपुड', म्हणजे 'अमक्याच्या ग्रंथात (उद्धृत)', हा युरोपीय ग्रंथांत जास्त आढळतो, पण त्यामागची शिस्त आपल्याकडे फार आवश्यक आहे. फ्लीट यांचे वाक्य आपण फ्लीट यांच्या ग्रंथात न वाचता मिराशींच्या ग्रंथात वाचले असेल तर 'फ्लीट, मिराशींनी उद्धृत केल्याप्रमाणे' असेच लिहिले पाहिजे. थेट फ्लीट यांचा पृष्ठांक देणे म्हणजे न पाहिलेला ग्रंथ पाहिल्याचे भासवणे होय. विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्था शहरातच असताना मूळ खंड उघडून पाहणे फारसे अवघड नाही, आणि पाहिल्यावर मधला दुवा गाळता येतो.

प्रबंध पक्का करताना

प्रथम आपल्या विभागाने कोणती संदर्भशैली ठरवून दिली आहे ते लेखी विचारून घ्यावे. एपीए आणि एमएलए या शैलींत निर्देश मजकुरातच कंसात येत असल्याने 'इबिड.'चा प्रश्नच उद्भवत नाही. तळटिपांची शिकागो शैली त्याला पूर्वी मुक्तपणे वाव देत असे, पण २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून तीही आखूड नावाच्याच बाजूने झुकली आहे. झोटेरोसारख्या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकीय साधनाने टिपा घातल्या असतील तर शैलीप्रमाणे 'इबिड.' आपोआप येतो आणि परिच्छेद हलवला की आपोआप बदलतो. एकच टीप मधे हाताने लिहिली की ही साखळी तुटते. हाताने टिपा लिहिणाऱ्यांनी अखेरच्या मसुद्यापर्यंत प्रत्येक टिपेत लेखक, आखूड नाव आणि पृष्ठांक ठेवावा आणि 'तत्रैव' घालायचेच असेल तर मार्गदर्शकांची शेवटची दुरुस्ती झाल्यानंतर एका बैठकीत घालावे.

दुसरे, मराठी प्रबंधात लॅटिन आणि मराठी संक्षेपांची सरमिसळ करू नये. एका पानावर 'तत्रैव' आणि दुसऱ्यावर रोमन लिपीतले 'इबिड.' असे दिसले की टिपा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलल्याचा संशय येतो. मराठीत लिहायचे तर तत्रैव, पाहा, तुलनीय, व इतर, सु. एवढ्यात सगळे भागते, आणि हे शब्द तिरपे छापण्याचीही जरुरी नसते. देवनागरी तिरपी केली की मात्रा आणि रफार एकमेकांवर चढतात.

शेवटची तपासणी टंकलेखकाकडून आलेल्या कागदी प्रतीवर करावी, आणि ती फक्त टिपांची करावी. प्रबंध अजूनही पुष्कळदा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये (ज्यात रोमन कळांवर देवनागरी अक्षरे उमटतात) टंकित होतात, आणि त्यात मधेच रोमन लिपीतला संक्षेप आला व टंकलेखकाने संपूर्ण टिपेला एकच फाँट लावला, तर 'इबिड'ची चार रोमन अक्षरे 'पइपक' अशी छापली जातात, आणि सीताबर्डीवरच्या दुकानात बायंडिंग होईपर्यंत ती कुणाच्या लक्षात येत नाहीत. म्हणून टिपांवरून केवळ नजर न फिरवता प्रत्येक 'तत्रैव'पाशी थांबावे, त्याच्या वरची टीप वाचावी, आणि ग्रंथ हाताशी असेल तर ते पान उघडून वाक्य तिथे आहे की नाही ते पाहावे.